बंड्याची पहिली दिवाळी

वाई,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बंड्याला गच्चीवर न्यायचं, त्याच्यासमोर चार लवंगी वाजवायच्या, म्हणजे त्याची भीती मोडेल, असं अण्णा म्हणाले आणि त्यावर तू माझं मत विचारलंस. माझं मत, हे अजिबात करू नका. अण्णांचा हेतू वाईट नाही. त्यांच्या पिढीने पोरांना विहिरीत ढकलूनच पोहायला शिकवलं आणि पोरं शिकलीही. पण पोराला ठाऊक असतं की हे पाणी आहे आणि काठावर बाप उभा आहे. फटाका म्हणजे काय, तो कोणी लावला, कधी थांबणार, यातलं कुत्र्याला काहीच कळत नाही. घाबरलेल्या जनावराला त्याच आवाजात पुन्हा पुन्हा कोंडलं की भीती मोडत नाही, मुरते. पहिल्या वर्षी सुतळी बॉम्बला दचकणारा कुत्रा पुढे पुढे कुकरच्या शिट्टीला, वळवाच्या गडगडाटाला, अगदी दरवाजा आपटला तरी थरथरायला लागतो. अण्णांना हे तू सांगू नकोस, माझं नाव घेऊन जावईबापूंना सांगू दे. सुनेपेक्षा लेकाचं ऐकणं सोपं जातं.

तेव्हा बंड्याला धीट करायच्या भानगडीत पडू नका. घर त्याच्यासाठी सोपं करा. आणि ते काम धनत्रयोदशीला नाही, या आठवड्यात सुरू व्हायला हवं, म्हणून हे पत्र.

आवाजाचं आधी सांगते, कारण तुझी सगळी काळजी तिथेच आहे. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास आणि तुमच्या ठमीसारख्या मांजरीला तर ६४,०००पर्यंत. म्हणजे रॉकेट सुटताना आपण जी शिट्टी ऐकतो तिच्यावरचा, आपल्यासाठी नसलेला भागही त्या दोघांच्या कानांवर आदळतो. फटाक्याच्या आवाजाला कायद्याने मर्यादा आहे, फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबल. ही मर्यादा पाळलेला फटाकासुद्धा जनावराच्या दृष्टीने भयंकरच. तुमच्या सोसायटीत यंदा ‘फक्त ग्रीन फटाके’ असं ठरलंय म्हणालीस. चांगलं आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने ते बनवले तेव्हा मुख्य हेतू धूर आणि धूळ कमी करण्याचा होता. ते मुके फटाके नव्हेत. त्यामुळे त्या ठरावावर विसंबून बंड्याची व्यवस्था ढिली ठेवू नकोस.

आणि ‘आमचाच एवढा कसा भित्रा’ हा विचार मनातून काढ. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या वागण्याची माहिती गोळा केली होती, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. त्यात भीतीच्या सगळ्या प्रकारांत आवाजाची भीती पहिली आली, ३२ टक्के कुत्र्यांमध्ये. फिनलंडमध्ये आपल्यासारखी चार-पाच दिवसांची आतषबाजी नसते, तरी ही स्थिती.

दिवाळीला अजून अठरा-एकोणीस दिवस आहेत. एवढ्यात चमत्कार होणार नाही, पण काही तरी होईल. मोबाइलवर फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत मिळते. ती अगदी हळू, तुला स्वतःला जेमतेम ऐकू येईल इतकी लाव आणि त्याच वेळी त्याला उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे दे. आवाज बंद, चिकन बंद. दिवसातून पाच मिनिटं पुरे. दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढव. त्याने कान मागे घेतले, जांभई दिली, ओठ चाटले, खाणं सोडलं, की तू घाई केलीस असं समज आणि परत खालच्या आवाजावर ये. जांभई म्हणजे झोप आली असं बहुतेकांना वाटतं. अवेळी आणि पुन्हा पुन्हा येणारी जांभई ही कुत्र्याच्या अस्वस्थपणाची फार जुनी खूण आहे.

खऱ्या फटाक्यांच्या वेळीही हीच युक्ती चालते. धाडकन आवाज झाला की लगेच, दर वेळी, त्याचा सगळ्यात आवडता घास. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातून १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं गेलं की फटाक्यांच्या भीतीवर तुम्ही काय काय केलंत आणि कशाचा उपयोग झाला. आवाजामागोमाग खाऊ देणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास मालकांनी उपयोग झाल्याचं सांगितलं. माहिती मालकांनी स्वतः दिलेली, हे खरं, तरी करून बघायला काहीच खर्च नाही. चिकनचे तुकडे तेवढे आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेव, कारण सणाच्या दिवशी तुझ्या सासूबाई ते ओट्यावर चढू देणार नाहीत.

आता जागा. रस्त्याकडची बाल्कनी आणि हॉल सोड. तुमच्या आतल्या बेडरूमला एकच खिडकी आहे, ती बरी. तिला जाड पडदा किंवा गोधडी लाव. एका कोपऱ्यात त्याचं अंथरूण, तुझी एखादी न धुतलेली ओढणी, पाणी, चघळायला काही. टेबलावरून चादर खाली सोडून गुहेसारखं केलंस तर त्याला आवडेल. पंखा मोठा, रेडिओ नेहमीच्या आवाजात. रेडिओ फार मोठा लावू नकोस, नाहीतर त्याला दोन गोंगाट सोसावे लागतील. हा कोपरा आजपासूनच तयार ठेव आणि त्याचं रोजचं जेवण तिथे दे. ऐन संध्याकाळी नवीन खोलीत ढकलून दार लावलंस तर ती शिक्षा होईल. तो आपण होऊन बाथरूममध्ये जाऊन कमोडच्या मागे बसला तर बसू दे. त्याला ती जागा सुरक्षित वाटली, एवढाच त्याचा अर्थ. त्याला ओढून बाहेर आणायचं नाही. फिनेल-अ‍ॅसिडच्या बाटल्या मात्र तिथून उचल. कानात कापसाचे बोळे कोंबू नकोस, ते आत सरकतात आणि काढायला आम्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे यावं लागतं.

त्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, लाड होतात, असं तुला कोणीतरी सांगितलंय. सोड ते. भीती ही भावना आहे, हट्ट नव्हे. जवळ घेतल्याने हट्टाला बक्षीस मिळत असेल, भीतीला मिळत नाही. तो अंगाशी आला तर हात ठेव, शांत बोल. पळून पलंगाखाली गेला तर तिथे जाऊ दे. त्याने ठरवायचं. आणि आठ महिन्यांचं, रस्त्यावर जन्मलेलं पिल्लू आहे, त्याने आधी काय काय पाहिलंय ते आपल्याला माहीत नाही.

एक गोष्ट शहरात राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे फटाके संध्याकाळी तर वाजतातच, पण नरकचतुर्दशीला पहाटेही वाजतात. अभ्यंगस्नान करून चार-पाच वाजता पोरं खाली उतरतात, आणि नेमकी तीच बंड्याच्या फिरण्याची वेळ. त्या दिवशी पहाटे त्याला खाली नेऊच नकोस. आदल्या रात्री उशिरा, शांत झाल्यावर एकदा नेऊन आण आणि सकाळी साडेआठ-नऊनंतर, सफाईवाले येऊन गेल्यावर पुन्हा. अर्धवट फुटलेले फटाके, तारा, जळक्या फुलबाजीच्या काड्या रस्त्यावर पडलेल्या असतात. पाय भाजतात. पिल्लं तर फटाक्याची वात, कागद काहीही चघळतात आणि त्यातली दारू पोटात गेली की उलट्या, जुलाब, कधी त्याहून वाईट. संध्याकाळचं फिरणं पाचच्या आत उरकायचं. सापाच्या गोळीजवळून तर त्याला अजिबात नेऊ नका. आवाज नाही म्हणून लोक ती निरुपद्रवी समजतात. तुमच्या पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६मध्ये वेगवेगळ्या फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण या गोळीतून निघाले होते. आणि तो धूर राहतो जमिनीलगत, बरोबर बंड्याच्या नाकाच्या उंचीवर.

पाच दिवस त्याच्या अंगात हार्नेस हवा, नुसता गळ्यातला पट्टा चालणार नाही. घाबरलेला कुत्रा मागे सरकत मान काढून घेतो आणि क्षणात पट्टा तुमच्या हातात, कुत्रा पौड रस्त्यावर. पट्ट्यावर जावईबापूंचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असू दे. बिल्ले करून देणारे तुळशीबागेच्या बाजूला सापडतील. त्याला मायक्रोचिप बसवून घ्यायची असेल तर जरूर घे, तांदळाएवढी असते आणि तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो, पण ती वाचायला यंत्र लागतं. रस्त्यावर कुत्रा सापडलेल्या माणसाकडे यंत्र नसतं, फोन असतो. आजचा, सगळं अंग दिसेल असा एक फोटोही काढून ठेव.

दिवाळीत हरवलेली कुत्री बहुतेक दारातून जातात. फराळाला येणारे-जाणारे, डबे पोचवणारे, पणत्या लावायला सारखं उघडं ठेवलेलं दार, आणि तेवढ्यात जिन्यात कोणी लड लावली. दारावर एक कागद चिकटव, ‘आत कुत्रा आहे, दार लगेच लावा.’ सासूबाईंना दारात कागद शोभणार नाही असं वाटलं तर तोरणाखाली लाव, रंगीत अक्षरात लिही. आणि सहा ते अकरा या वेळात बंड्याची जबाबदारी घरातल्या एका माणसाच्या नावावर असू दे. ‘सगळे लक्ष ठेवतील’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

औषधाचं विचारलं होतंस. तुमच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा, वसुबारसेला नको, तेव्हा दवाखाने भरलेले असतात. बंड्याचं वजन करून घे. भीती फार असेल तर चांगली औषधं आहेत आणि ती देण्यात कमीपणा नाही. पण कुठलंही औषध लक्ष्मीपूजनाला पहिल्यांदा द्यायचं नाही. आधी एका साध्या दिवशी देऊन बघायचं, त्याला कितपत गुंगी येते, उलट तो चिडचिडा तर होत नाही ना. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचार की हे औषध भीती कमी करतं की नुसतं अंग ढिलं करतं. पूर्वी एसप्रोमाझिनची गोळी सर्रास दिली जायची. कुत्रा निपचित पडायचा, घरचे खूश. आत तो सगळं ऐकत असायचा, फक्त हलता येत नसे. नुसत्या त्या गोळीवर भिस्त ठेवणं आता चुकीचं मानतात. घरातली माणसांची गोळी तर दोघांपैकी कोणालाच द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा ठमीचा जीव घेऊ शकते, ते पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घोळ करतं.

आवाजावर एवढं लिहिलं खरं, पण मनू, दवाखान्याच्या टेबलावर दिवाळीत जी जनावरं येत, त्यांतली कितीतरी फटाक्यांच्या आधीच आलेली असत. साफसफाईने आणलेली. तुमच्याकडे आता माळे उतरतील. कपाटांतून डांबरगोळ्या घरंगळतील, आणि त्या चेंडूसारख्या दिसतात. नॅफ्थलिनच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. एकूण एक वेच, ओट्याखाली गेलेलीसुद्धा. मागच्या वर्षी कोणी उंदराचं औषध माळ्यावर ठेवलं होतं का, ते सासूबाईंना विचारून घे. त्यातल्या काही औषधांनी रक्त गोठायचं थांबतं आणि लक्षणं दिसायला तीन-चार दिवस जातात, तोवर कोणाला आठवतही नाही. फिनेलने फरशी पुसली की ती पूर्ण वाळेपर्यंत ठमीला त्या खोलीत सोडू नका. ती पाय चाटते, आणि फिनेलमधली फिनॉलवर्गातली द्रव्यं मांजराला नीट बाहेर टाकता येत नाहीत. देव्हाऱ्यातला कापूर उघड्या वाटीत ठेवायचा नाही. तोही विष आहे, झटके येतात. आणि हाराला कण्हेर आणाल तर ती फुलं-पानं खाली पडू देऊ नका, हृदयावर परिणाम होतो. झेंडूने विशेष काही बिघडत नाही, हवा तेवढा झेंडू लावा. कोणी भेट म्हणून लिलीचा गुच्छ आणला तर तो शेजाऱ्यांना देऊन टाक, पण ज्यांच्याकडे मांजर नाही अशा शेजाऱ्यांना. लिलीचा नुसता पराग अंगावर पडून मांजराने चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

फराळाचं तू फोनवर हसण्यावारी नेलंस. ‘आत्या, एक लाडू खाल्ला तर काय होतं?’ लाडवाने नाही, लाडवावरच्या बेदाण्याने होतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याला चार दाणे पुरतात, आणि आपला कुठल्या गटातला ते आधी सांगता येत नाही. असं का, हे वर्षानुवर्षं कोडं होतं. अलीकडे बोट टार्टारिक आम्लाकडे वळलंय. ते चिंचेतही भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याचीही नोंद झाली आहे. तेव्हा सांगलीहून येणारा बेदाण्याचा डबा आणि तुमची चिंचेची बरणी, दोन्ही वरच्या फळीवर. चिवड्यात बेदाणे असतात, शिवाय तळलेला कांदा-लसूण. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराच्या तर अधिकच. चकली, शंकरपाळी, करंजी विषारी नाहीत, पण एवढं तूप-तेल एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं फार वाईट. कुत्रा पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग वर करून उभा राहतो आणि वारंवार ओकतो. तसं दिसलं तर वाट बघायची नाही.

भेटीदाखल येणारे डबे ही नव्या काळाची देणगी. गडद चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला थिओब्रोमिन ५ मिलिग्रॅमच्या पुढे असतं, दुधाच्या चॉकलेटमध्ये साधारण २. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या-बेचैनी सुरू होते, ४०-५०ला हृदय बिघडतं, ६०च्या आसपास झटके. बंड्या १५ किलोचा धरला तर गडद चॉकलेटचे ६० ग्रॅम पुरे आहेत, आणि दिवाळीच्या डब्यात तेवढं सहज असतं. अण्णांसाठी बिनसाखरेची मिठाई आणाल तर वेष्टनावर झायलिटॉल लिहिलंय का ते बघा. माणसाला ते चालतं, कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र अर्ध्या तासात कोसळवतं. आणि काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा गावठी उपाय करू नका, मिठानेही जनावरं दगावतात. काय खाल्लं, किती, केव्हा, एवढं लिहून वेष्टनासकट डॉक्टरांकडे पळा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, दुसरा कोणता, हे आत्ताच फोन करून विचार आणि दोन्ही नंबर फ्रिजवर लाव.

त्यालाही सणाचं काही द्यायचं म्हणतेस तर उकडलेलं रताळं, तांबडा भोपळा, साधा भात-चिकन. मीठ नको. त्याला ते करंजीइतकंच गोड लागेल.

ठमीबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. मांजर निमूट असते म्हणून तिची आठवण राहत नाही. तिला कपाटाच्या वर एक खोकं दे आणि तिची रेतीची पेटी त्याच खोलीत ठेव. घाबरलेली मांजर ती शोधायला हॉल ओलांडून जाणार नाही, आणि बोक्यांची तर लघवी तुंबायची भीती असते. तुम्ही सातव्या मजल्यावर. खिडकीला जाळी नसेल तर पाचही दिवस खिडकी बंद, दचकलेली मांजर उडी मारताना मजले मोजत नाही. पणत्या खिडकीच्या कट्ट्यावर आणि जमिनीवर न लावता भिंतीतल्या कोनाड्यात किंवा बाल्कनीत दाराच्या पलीकडे लाव, तिची शेपटी ज्योतीवरून जाते आणि तिला उशिरा कळतं. भाजलंच तर दहा-पंधरा मिनिटं नळाचं साधं पाणी. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर नाहीच. लाइटच्या माळांच्या वायरी पिल्लांच्या दातांच्या उंचीवर सोडू नकोस. विजेचा झटका बसून जनावर वरून बरं दिसतं आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. रांगोळी दाराबाहेर काढलीस की बंड्याचे पाय पुसून त्याला आत घ्यायचं, बाकी रांगोळीत तो लोळलाच तर ती पुन्हा काढ. पोरांनी किल्ला केला असेल आणि बंड्याने तो उकरला तर मात्र भरपाई तुलाच द्यावी लागेल, त्याचा जामीन मी राहणार नाही.

तुमच्या खालच्या पार्किंगमध्ये ती काळी कुत्री आणि तिची पिल्लं आहेत ना? आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. पाठोपाठ त्या कुत्रीच्या शेपटीला कोणी लड बांधली तर पूजेचं काय उरलं? वॉचमनला सांगून जिन्याखालची जागा त्या चार रात्री तिला मोकळी ठेवायला लाव, पोतं टाक, पाणी ठेव. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला सगळ्यांना सांग, पिल्लं आणि मांजरं रात्री तिथेच शिरतात. पोरांनी छळ केला तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये, आजवर तेवढाच. त्यापेक्षा भारतीय न्याय संहितेचं ३२५वं कलम बरं, जनावराला मारलं किंवा अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. रात्री १०नंतर वाजवणाऱ्यांसाठी ११२ आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १०ची वेळ घालून दिली होती. पण पहिल्याच दिवशी पोलिसांना फोन करून सोसायटीत वैर घेऊ नकोस. आधी कमिटीशी बोल, फटाक्यांची जागा इमारतीपासून लांब, मैदानाच्या टोकाला ठरवून घ्या. मुलांना तू घरी बोलावून बंड्याला दाखवलंस तर त्याचा उपयोग नियमावलीपेक्षा जास्त होईल असं मला वाटतं.

भाऊबीजेनंतर तुम्ही गुहागरला जाणार. ठमीला नेऊ नका. मांजराचा जीव घरात असतो, माणसात नंतर. शेजारच्या काकूंना किल्ली द्या, दिवसातून दोनदा येऊन त्यांनी खाणं आणि पेटी बघितली की झालं. बंड्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचा विचार असेल तर आज जाऊन ती जागा बघ. आत जाऊ देत नसतील तर ती जागा नको. लसीचं कार्ड न मागणारी जागाही नको, रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी ताज्या असलेली कुत्रीच जिथे घेतात तिथेच ठेवायचं. पण मला विचारशील तर यंदा त्याला बरोबर घ्या. फटाक्यांनी हादरलेल्या पिल्लाला लगोलग अनोळखी पिंजऱ्यात टाकणं मला पटत नाही.

निघण्याआधी चार-पाच तास त्याला जेवण नको, पाणी थोडं थोडं. कुंभार्ली घाटातली वळणं त्याच्या पोटाला झेपायची नाहीत. पुढच्या सीटवर मांडीत नाही, मागे, हार्नेस पट्ट्याला अडकवून. चहाला थांबाल तेव्हा गाडीत एकटा सोडू नका, काच बोटभर उघडी असली तरी. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ होतात आणि अर्ध्या तासात ४३. चिपळूणला त्या दिवसांत २४ कुठले? एकाने चहा प्यावा, दुसऱ्याने बंड्याला सावलीत घेऊन उभं राहावं, मग पाळी बदलावी. समुद्राचं पाणी त्याला पिऊ देऊ नका आणि परत आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा.

वाटेत वाईला थांबताच आहात. फोन करून या, म्हणजे मी दार लावून ठेवीन. आमच्या म्हाताऱ्या बोक्याला नवीन कुत्रं खपत नाही.

अण्णांना आणि सासूबाईंना नमस्कार. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
आत्या

ता. क. भाऊबीज झाली की कोपरा मोडून पडदे काढू नकोस. तुळशीच्या लग्नापर्यंत अधूनमधून वाजतच राहतं, आणि देवदिवाळीला पुन्हा एकदा. आकाशकंदील उतरवाल तेव्हा त्याच्या झिरमिळ्या आणि दोरे ठमीच्या हाती लागू देऊ नकोस. तिने दोरा गिळला आणि तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तर ओढायचं नाही, आतडं कापलं जातं. तसंच उचलून डॉक्टरांकडे न्यायचं.